घर आपले, किल्ली परक्याची

पैसे मोजून वस्तू घेतली की ती आपली झाली, हा व्यवहाराचा साधा नियम. शिवणयंत्र, सायकल, रेडिओ यांच्या बाबतीत तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. रेडिओ मालकाने उघडावा, दुरुस्त करावा, प्रसंगी बिघडवावा. त्यात कारखानदाराने लक्ष घालण्याचे कारण नव्हते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा खर्चून घेतलेला स्मार्टफोन मात्र या नियमाला अपवाद ठरला आहे. पावतीवर नाव ग्राहकाचे, हप्ते ग्राहकाचे, आतील छायाचित्रे आणि हिशेबही ग्राहकाचेच. परंतु त्या यंत्रात कोणती प्रणाली चालावी, हे ठरविण्याचा अखेरचा अधिकार त्याच्याकडे नाही. ती किल्ली कंपनीच्या तिजोरीत आहे.

हा प्रश्न हौशी तंत्रज्ञ तरुणांचा आहे, असे समजून तो बाजूला सारण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः तो मालकीचा, सुरक्षिततेचा आणि काही अंशी राष्ट्रीय स्वावलंबनाचाही प्रश्न आहे. म्हणून त्याचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

द्वारपाल आणि गडाचा धनी

फोनचे बटन दाबल्यापासून पडद्यावर चित्रे उमटेपर्यंत जे काही क्षण जातात, तेवढ्यात आत पहाऱ्याची एक साखळी पूर्ण होत असते. मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेली, पुढे कधीही न बदलणारी छोटीशी आज्ञावली प्रथम जागी होते. ती ‘बूटलोडर’ या दुसऱ्या आज्ञावलीवरील कंपनीची सांकेतिक स्वाक्षरी तपासते. स्वाक्षरी जुळली की सूत्रे बूटलोडरच्या हाती जातात आणि तो पुढे प्रणालीच्या गाभ्याची तशीच तपासणी करतो. बूटलोडर ‘लॉक’ आहे, याचा अर्थ इतकाच, की कंपनीची मोहोर नसलेली कोणतीही प्रणाली हा द्वारपाल आत सोडत नाही.

‘रूट’ ही याहून निराळी गोष्ट आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला क्रमांक असतो आणि शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट, सर्वाधिकारी, गडाचा धनी. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. ही रचना उत्तम आहे. परंतु या वाड्यात फोन विकत घेणाऱ्या माणसाला जी खोली मिळते, तीही भाडेकरूचीच. शून्य क्रमांकाचे आसन त्याच्यासाठी नसते.

ते आसन त्याला हवे तरी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे एक उत्तर मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी टंक नसे. हजारो रुपयांच्या फोनवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. टंकाची फाइल विनामूल्य उपलब्ध होती. पण ती प्रणालीच्या विभागात ठेवण्यासाठी रूट अधिकार लागे. आपल्याच फोनवर आपलीच भाषा वाचण्यासाठी कुलूप उघडावे लागण्याची ही वेळ अनेक भारतीयांवर आली. पुढे देवनागरीची सोय झाली. इतर कारणे उरलीच. कंपनीने आधीच भरून ठेवलेली आणि काढता न येणारी ॲप काढणे, सर्व माहितीची संपूर्ण प्रत घेणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या धडधाकट फोनवर नवी प्रणाली बसवून त्याचे आयुष्य वाढविणे.

उघड्या दारापासून बंद दारापर्यंत

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, तैवानच्या एचटीसी कंपनीने बनविलेला ‘जी१’, ऑक्टोबर २००८मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्यात एक विनोदी दोष राहून गेला होता. कळफलकावर टंकलेले प्रत्येक अक्षर पडद्यामागे सर्वाधिकारी आज्ञा म्हणूनही वाचले जाई. कोणी संदेशात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहून नवी ओळ सुरू केली, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. दोष तातडीने दुरुस्त झाला. परंतु ज्यांना आपल्या फोनचे धनी व्हायचे होते, त्यांच्यासाठी तेवढे दिवस दार उघडे होते.

पुढे कुलपे पक्की होत गेली. ग्राहकांनी विरोधही केला, आणि तो व्यर्थ गेला नाही. २०११मध्ये एचटीसीने नव्या फोनचे बूटलोडर बंद करताच ग्राहकांच्या निषेधाचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीचे प्रमुख पीटर चाऊ यांना हे धोरण मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले. अमेरिकेत कायद्याच्या बाजूनेही एक पाऊल पडले. तेथील १९९८चा स्वामित्वहक्कविषयक कायदा सांकेतिक कुलपे तोडण्यास मनाई करतो. जुलै २०१०मध्ये स्मार्टफोनच्या मालकास त्यातून सूट मिळाली आणि दर तीन वर्षांच्या फेरविचारात ती टिकून राहिली. परंतु ही सूट कुलूप उघडणाऱ्यास गुन्हेगार ठरू देत नाही, एवढेच. कंपनीने किल्ली दिलीच पाहिजे, असे ती म्हणत नाही.

किल्ली मिळत नसेल तर मालक काय करतो? तो भिंतीतील भगदाड शोधतो. या सर्व प्रकरणाचे मर्म येथे आहे.

एकाच भगदाडाने दोघांचा प्रवेश

२०१४च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा ‘गॅलेक्सी एस५’ बाजारात आला. अमेरिकेतील व्हेरायझन आणि एटी अँड टी या सेवादात्या कंपन्यांमार्फत विकल्या जाणाऱ्या फोनचे बूटलोडर पक्के बंद होते. ग्राहकांनी वर्गणी काढून, जो कोणी हा फोन रूट करण्याचा मार्ग दाखवील त्याला सुमारे १८ हजार डॉलरचे इनाम ठेवले. जून २०१४मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने ‘टॉवेलरूट’ नावाचे ॲप प्रसिद्ध केले. २००७मध्ये सतराव्या वर्षी आयफोनला एकाच सेवादात्याच्या बंधनातून सोडविणारा तो हाच. ॲप उघडावे, एक बटन दाबावे, आणि सर्वाधिकार हाती यावे, इतके ते सोपे होते.

टॉवेलरूटने द्वारपालाला हातही लावला नव्हता. एकाच साधनासाठी अनेक कामांनी आपापली पाळी येईपर्यंत थांबावे, यासाठी लिनक्सच्या गाभ्यात ‘फ्यूटेक्स’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यातील चुकीचा फायदा घेऊन सामान्य ॲपला धन्याच्या आसनापर्यंत पोहोचता येत होते. दरवाजा बंदच राहिला. मालक मागच्या भिंतीवरून आत आला. त्यामुळे त्याचे स्वातंत्र्यही अर्धेच राहिले. नको असलेली ॲप त्याला काढता आली, पण प्रणालीचा गाभा बदलता येईना, कारण पुढच्या वेळी फोन सुरू होताना द्वारपाल मोहोर मागणारच होता.

लिनक्सच्या गाभ्यातील ती चूक त्याच महिन्यात दुरुस्त झाली. परंतु ही दुरुस्ती जगभरातील फोनपर्यंत पोहोचविणे हे त्या त्या कंपनीचे काम होते, आणि असंख्य फोनपर्यंत ती कधीच पोहोचली नाही. दोन वर्षांनी, जून २०१६मध्ये, ट्रेंड मायक्रो या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने ‘गॉडलेस’ नावाच्या घातक आज्ञावलीची माहिती उघड केली. विजेरीसारख्या निरुपद्रवी ॲपच्या वेषात ती फोनमध्ये शिरे, रूट अधिकार मिळवी आणि सहजासहजी काढता न येणारे बस्तान मांडे. तिच्या भात्यातील बाणांपैकी एक होता टॉवेलरूटने वापरलेला तोच जुना दोष. साडेआठ लाखांहून अधिक फोन बाधित झाले होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे भारतातील होते.

या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. अमेरिकेतील सज्जन मालक ज्या भगदाडातून स्वतःच्या घरात शिरला, त्याच भगदाडातून दोन वर्षांनी चोर भारतातील घरांत शिरले. भगदाड बुजविण्याचे साहित्य उपलब्ध होते. पण कंपनीने पाठ फिरविली होती, आणि जेथे बूटलोडर बंद होता तेथे जाणत्या मालकालाही स्वतः दुरुस्ती बसविण्याची मुभा नव्हती. समोरचा दरवाजा मालकासाठी बंद आणि मागची खिडकी चोरासाठी उघडी, अशी ही सुरक्षितता! एरवी मालक आणि पहारेकरी एका बाजूला आणि चोर दुसऱ्या बाजूला असतो. किल्ली नाकारल्यामुळे मालकच मनातून इच्छू लागतो, की भिंतीत कुठे तरी फट असावी आणि ती लवकर बुजू नये.

हिरकणीची कथा

महाराष्ट्राला याचे मर्म सांगण्यासाठी परदेशी दाखल्याची गरज नाही. रायगडावर दूध घालायला गेलेल्या हिरकणी गवळणीची आख्यायिका घराघरांत सांगितली जाते. दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ. नियमापुढे पहारेकऱ्यांचा नाइलाज होता. ती माउली अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि ज्या जागेवरून ती उतरली, तेथे बुरूज बांधला. जेथून आई उतरू शकते, तेथून शत्रू चढू शकतो, हे राजाने ओळखले.

या कथेचे पहिले दोन धडे आजच्या मोठ्या कंपन्यांनी गिरविले आहेत. दोष दाखविणाऱ्यास त्या पारितोषिक देतात आणि दोषावर बुरूजही बांधतात. २०१६च्या अँड्रॉइड ७ पासून फोन सुरू होताना प्रणालीचा कण न् कण तपासण्याची व्यवस्था इतकी काटेकोर झाली, की भगदाडातून मिळविलेले रूट पुष्कळदा फोन पुन्हा सुरू होताच नाहीसे होते. हे योग्यच झाले. परंतु कथेत एक तिसरी गोष्ट गृहीत आहे, म्हणून ती वेगळी सांगावी लागत नाही. गडाचे दरवाजे सकाळी उघडत असत. जो गड आपल्याच माणसांसाठी पहाटेही उघडत नाही, त्याला गड म्हणत नाहीत, तुरुंग म्हणतात.

कंपन्यांची बाजू

कुलूपच नको, असे म्हणणे मात्र शुद्ध अविचाराचे होईल. चोरीस गेलेल्या फोनवर भलती प्रणाली चढवून आतील माहिती काढून घेता येऊ नये, हा बूटलोडर बंद ठेवण्याचा पहिला आणि रास्त हेतू आहे. चीनच्या शाओमी कंपनीने २०१६च्या सुमारास बूटलोडर बंद करण्यास आरंभ केला, तेव्हा काही विक्रेते मधल्यामध्ये घातक आज्ञावली भरून फोन विकतात, हे कारण दिले होते. तेही खोटे नव्हते. रूट केलेल्या फोनवर एखाद्या लबाड ॲपला चुकून परवानगी दिली, तर ॲपमधल्या सर्व भिंती त्याच्यापुढे कोसळतात. बँका अशा फोनला आपले ॲप नाकारतात, यामागेही काळजी आहे.

परंतु कुलूप हवे, यावरून किल्ली मालकाकडे नको, हा निष्कर्ष निघत नाही. घराला कडी-कुलूप असावे, याबद्दल दुमत नाही. म्हणून किल्ली बांधकाम ठेकेदाराकडेच राहावी, असे कोणी म्हणत नाही.

दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा खुद्द गूगलच्याच फोनमध्ये आहे. गूगलने थेट विकलेल्या पिक्सेल फोनचा बूटलोडर मालकाला अधिकृतपणे उघडता येतो. उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, त्यामुळे चोराच्या हाती काही लागत नाही. उघडा फोन दर वेळी सुरू होताना इशारा देतो, त्यामुळे फसवून विकता येत नाही. इतकेच नव्हे, तर मालकाने दुसरी प्रणाली बसवून स्वतःच्या मोहोरेने दरवाजा पुन्हा बंद करावा, अशीही सोय आहे. ग्राफीनओएस ही प्रणाली नेमकी हीच सोय वापरते. कुलूप तितकेच पक्के. बदलला तो किल्लीचा धनी. तंत्रदृष्ट्या यात अशक्य काही नाही. उणीव आहे ती इच्छेची. तोच पिक्सेल अमेरिकेत व्हेरायझनमार्फत घेतला तर किल्ली मिळत नाही.

एकूण वारे उलट दिशेला वाहत आहेत. चीनच्या हुआवेईने २०१८मध्ये बूटलोडर उघडण्याचे संकेतांक देणे बंद केले. सॅमसंगच्या फोनमध्ये परकी प्रणाली एकदा जरी चालली, तरी आतील एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो आणि काही सुविधा मूळ प्रणाली परत बसविल्यावरही मिळत नाहीत. २०२५मध्ये वन यूआय ८ या आवृत्तीबरोबर सॅमसंगने बूटलोडर उघडण्याचा पर्यायच काढून टाकला. गूगलची यंत्रणा ॲपना फोनची ‘विश्वासार्हता’ कळविते. पण तिच्या दृष्टीने विश्वासार्ह म्हणजे गूगलमान्य. मालकाच्या मोहोरेने पक्का बंद केलेला अद्ययावत फोन या परीक्षेत नापास होतो आणि वर्षानुवर्षे सुरक्षा दुरुस्ती न मिळालेला कुलूपबंद जुना फोन पुष्कळदा पास होतो. याला सुरक्षितता म्हणावे की मक्तेदारी?

यातील विसंगती आणखी खोल आहे. लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखाली मिळतो, त्याची अट अशी, की जो तो वाटेल त्याने त्याचा स्रोतही खुला करावा, म्हणजे घेणाऱ्यास तो बदलता येईल. फोन कंपन्या स्रोत देतात. पण बदललेला गाभा त्याच फोनवर चालू देत नाहीत. टिव्हो नावाच्या दूरचित्रवाणी ध्वनिचित्रमुद्रण यंत्राने ही युक्ती आधी केली, तेव्हा मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी तिला ‘टिव्होकरण’ म्हटले आणि २००७च्या नव्या परवान्यात तिला अटकाव केला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ते मान्य नव्हते. लिनक्स जुन्याच परवान्याखाली राहिला. जगभरातील हजारो लोकांनी खुलेपणाने उभारलेल्या विहिरीवर कंपन्यांनी आपापली झाकणे बसविली, ती या फटीतून.

भारताने काय करावे?

जानेवारी २०२३मध्ये मद्रास आयआयटीच्या परिसरातून ‘भारओएस’ ही प्रणाली पुढे आली. अँड्रॉइडच्या खुल्या स्रोतावर उभारलेल्या या प्रणालीत कोणतेही ॲप आधीच लादलेले नाही, हे तिचे वैशिष्ट्य सांगितले गेले. तिचे स्वागत झाले, ते योग्यच होते. परंतु एक साधा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. ही प्रणाली बसवायची कोणत्या फोनवर? देशातील घरोघरी असलेल्या फोनचे द्वारपाल परक्या मोहोरेशिवाय कोणालाही आत सोडणार नसतील, तर उत्तमोत्तम स्वदेशी प्रणालीही वेशीबाहेर तिष्ठत राहील. ज्याला स्वदेशी प्रणाली हवी, त्याने आधी बूटलोडरचा प्रश्न हाती घेतला पाहिजे.

त्यासाठी आरंभबिंदू आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि मोबाइलचा समावेश त्यात केला. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२चे कलम ६५अ सुद्धा, हक्कभंगाच्या हेतूने सांकेतिक संरक्षण मोडणाऱ्यालाच दंडित करते. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून फोनसाठी किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा देणे बंधनकारक केले, तरी किल्लीचा प्रश्न त्यात सुटलेला नाही. तो सोडविण्याचा मान भारताला घेता येईल.

मागण्या मोजक्या आणि व्यवहार्य असाव्यात. फोनच्या वेष्टनावर दोन गोष्टी ठळक छापल्या जाव्यात: सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, आणि बूटलोडर मालकाला उघडता येईल की नाही. कंपनीने ज्या दिवशी दुरुस्त्या थांबवाव्यात, त्या दिवशी तिने किल्ली मालकाला द्यावी. सांभाळणारही नाही आणि सोडणारही नाही, हा न्याय कोठला? किल्ली देताना माहिती पुसणे, इशारा दाखविणे आणि मालकाच्या मोहोरेने पुन्हा बंद करण्याची सोय ठेवणे, हे गूगलला जमते ते इतरांनाही जमावे. सरकारी पैशाने विद्यार्थ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी जी उपकरणे घेतली जातात, त्यांच्या निविदांत ही अट प्रथम घालावी. आणि बँकांनी मोहोर कोणाची, यापेक्षा फोन खरोखर सुरक्षित आहे काय, हे पाहावे.

तोवर कुटुंबांनी काय करावे, याचे उत्तर सावधपणाचे आहे. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात, तो एका बटनात रूट करून देणाऱ्या ॲपच्या किंवा कोपऱ्यावरच्या ओळखीच्या दुकानदाराच्या हाती देऊ नये. असे ॲप म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. अधिकृत मार्ग असेल, माहितीची प्रत घेतलेली असेल आणि फोन जुना, प्रयोगापुरता असेल, तर घरातील जिज्ञासू मुलाला मात्र अडवू नये. यंत्र आतून कसे चालते, हे पाहण्याची उत्सुकता ही राष्ट्राची संपत्ती आहे.

नवा फोन घेताना दुकानात कॅमेऱ्याची आणि बॅटरीची चौकशी होते. तिच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला पाहिजे: याची किल्ली मिळते काय? दहा ग्राहकांनी विचारले तर दुकानदार खांदे उडवील. दहा लाखांनी विचारले, तर २०११मध्ये एचटीसीला जे करावे लागले, ते इतरांनाही करावे लागेल.